नळाखाली धरलेले चाळ

वहिनींनी माझ्या हातातले घुंगरू काढून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरले. गरम पाणी सोडलं. साबण लावला. मी दारात उभी. ते मी पायात बांधलेही नव्हते, नुसते कपाळाला लावले होते.

चूक एका शब्दाची. जर्मनीत, हायडेलबर्गच्या भारतीय विद्यार्थ्यांनी भारत संध्या ठरवली होती आणि नाचायला कुणी मिळत नव्हतं. मी मिशनच्या ओळखीने तिथे नर्सिंग शिकायला आलेली मुलगी. वहिनींचा नवरा युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा, आणि गावातले सगळे मराठी विद्यार्थी त्यांना वहिनीच म्हणायचे. पहिल्या भेटीतच त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं आडनाव. "म्हणजे आपल्यातलीच की," त्या म्हणाल्या होत्या. मी ते खोडून काढलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पुण्याहून आणलेले घुंगरू माझ्या हातात दिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती वर्षांनी चाळ बघतेय."

ज्यांच्या मुली क्लासला जातात, त्या घरांत घुंगरू म्हणतात. चाळ म्हणतात तमाशात. माझी आई फडात नाचायची. आमचं घर महारवाड्यात. एवढं सगळं वहिनींना त्या एका शब्दातून कळलं. परदेशात येऊन त्या पुष्कळ काही विसरल्या होत्या. हे ओळखायला विसरल्या नव्हत्या.

"अहो, ऐकलंत का, ही चाळ म्हणाली," त्यांनी नळापासूनच नवऱ्याला सांगितलं.

तो बाहेर काही विद्यार्थ्यांबरोबर कॉफी पीत बसला होता. एरवी मी त्याला अहोजाहो करायचे, इथे करत नाही. त्याने मला पायापासून वरपर्यंत बघितलं. "असं का. मग होऊन जाऊ दे एखादी. सगळी आपलीच माणसं आहेत." पोरं हसली.

आत पाणी चालूच होतं. म्हणजे मी हात लावला तर विटाळ, आणि नाचले तर मजा. मी कोट घातला आणि निघाले.

त्यानंतर माझा कुणावर भरवसा राहिला नाही. ट्राममध्ये कुणी जागा दिली तरी वाटायचं, याला काय हवंय. वॉर्डातल्या बायका माझ्या केसांचं कौतुक करायच्या, तेव्हा मी नाडी बघत असल्याचं निमित्त करून तोंड फिरवायचे. म्हणून बर्निस माझ्याकडे बघून हसली तेव्हा मी हसले नाही.

बर्निस गावातल्या अमेरिकन छावणीतल्या एका शिपायाची बायको. काळी, उंच. तिच्या ओळखीची एक बाळंतीण आमच्या वॉर्डात होती, तिला भेटायला यायची. बँडेजं गुंडाळताना माझा पाय आपोआप ठेका धरतो, ते तिने पाहिलं.

"तू नाचतेस," ती इंग्रजीत म्हणाली.

"नाही."

"पाय तर वेगळंच सांगतोय. शनिवारी ये. चर्चच्या तळघरात."

चर्च म्हटल्यावर मी सावध झाले. मिशनच्या बोर्डिंगात मला आईच्या नाचाला पाप म्हणायला शिकवलं होतं. ही आता काय शिकवणार? तरी गेले. नुसतं दाराशी उभं राहायचं, असं ठरवून.

तळघरात वाद्य नव्हतं. पाय आणि टाळ्या, बस्स. सगळ्या काळ्या बायका, आणि प्रत्येकीने आपल्याशी कोण कसं वागलं ते नाचून दाखवायचं. एकीने फक्त उभं राहून दाखवलं. बेकरीत बाकीच्या गिऱ्हाइकांचं आटपेपर्यंत तिला जसं उभं ठेवतात, तसं. इतरांनी जमिनीवर पाय आपटून तिला उत्तर दिलं. मग एक मुलगी आली. आई जर्मन, बाप काळा शिपाई, कधीच अमेरिकेला निघून गेलेला. लोक हिच्या गालावर बोट घासून बघायचे, रंग निघतो का म्हणून. ते बोट तिने नाचून दाखवलं. मला वहिनींचा साबण आठवला.

बर्निसला एका थिएटरवाल्याने पानांचा घागरा दिला होता आणि जंगलातला नाच कर म्हणून सांगितलं होतं. "मी घागरा त्याच्या टेबलावर ठेवून आले," ती म्हणाली. "आता आम्ही आमचा नाच पुढच्या शनिवारी चौकात करणार. तिकडे अमेरिकेत हक्कांसाठी आमच्या बायका रस्त्यावर उतरल्यात. आम्ही इथे उतरू." मग माझ्याकडे वळली. "तुझ्या बाबतीत काय झालं?"

मला शंका होतीच. हिलाही कार्यक्रमाला एक भारतीय बाई हवी असेल. पण तिने नाचून दाखव म्हटलं नव्हतं. काय झालं ते विचारलं होतं. मी दोन्ही हात पुढे केले, नळाखाली धरल्यासारखे, आणि चोळत राहिले. चोळता चोळता पाय सुरू झाले. आईचा ठेका. बोर्डिंगात तो पुसला गेला असं मी धरून चालले होते. तो होता तिथेच होता. मी रडले. बरं वाटलं का म्हणाल तर वाटलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. राग मात्र उतरला नाही, आणि उतरावा असं मला वाटलंही नाही.

त्याच आठवड्यात वहिनी आमच्या नर्सेस होस्टेलवर आल्या. त्यांना नाचणारी मिळाली नव्हती.

"हे बघ, माझ्या मनात काही नाही हं," त्या म्हणाल्या. "प्रोफेसर येणारेत. आल्झो, म्हणजे आपण टेंपलटान्झ म्हणून अनाउन्स करू. देवळातलं नृत्य. तुझं घराणं वगैरे कुणाला सांगायची गरज नाही. आणि घुंगरू आणलेत मी. स्वच्छ आहेत."

स्वच्छ आहेत.

"नाचेन की," मी म्हटलं. "चाळ बांधून. तमाशा म्हणून. आईचं नाव सांगून. चालेल?"

"अगं, इथल्या लोकांना काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला कळतं ना, वहिनी. म्हणून तर धुतलेत."

त्यांनी पिशवी उचलली आणि गेल्या.

नाताळ जवळ आला होता. झाडाला टांगतात त्या छोट्या पितळी घंटा मी बाजारातून आणल्या आणि हॉस्पिटलच्या जुन्या बँडेजवर शिवल्या. शनिवारी चौकात, थंडीत, ते चाळ कपाळाला लावून पायात बांधले. बर्निसच्या बायकांबरोबर नाचले. लोक जमले. काही हसले. एका बाईने पोराला ओढून नेलं. गर्दीत वहिनींचा नवरा दिसला, कोटाची कॉलर वर करून उभा.

त्याच्या शेजारच्या जर्मन म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, "टेंपलटान्झ?"

"नाईन," मी नकारार्थी मान हलवून म्हटलं. "तमाशा. माझी आई नाचायची." मग वहिनींच्या नवऱ्याकडे बघून मराठीत म्हटलं, "महारवाड्यातली." त्याने ओळख दाखवली नाही.

मी अजूनही कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. बर्निसवरही पूर्ण ठेवला नव्हता, आणि तिने तो मागितलाही नव्हता. पण आता कुणी आडनाव विचारलं, की मी आधी आईचा फड सांगते, मग आमचं घर कुठे होतं ते, आणि मग आडनाव. ऐकून ज्यांना हात धुवायचे असतील त्यांनी खुशाल धुवावेत. चाळ माझ्या पायात आहेत, ते आता कुणाच्या नळाखाली जाणार नाहीत.