पासिंगचे टायर

माझ्या दादाला राग येत नाही, हे आमच्या घरात कौतुकाने सांगितलं जायचं. आई पाहुण्यांसमोर म्हणायची, "त्याच्या वाट्याचा रागसुद्धा हिनेच घेतलाय." पाहुणे हसायचे. मला हसू येत नसे. दादाच्या या शांतपणाचा फायदा आजवरच्या प्रत्येक मालकाने घेतला, आणि तो घेतला टायरांत.

दादा ड्रायव्हिंग शिकला ट्रकवर. त्या ट्रकला रिमोल्ड टायर होते, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चिकटवलेले. भर उन्हात ते रबर सुटायचं आणि मडगार्ड बडवायला लागायचं. दादा गाडी बाजूला घ्यायचा, लोंबणारी पट्टी कापून टाकायचा आणि पुढे निघायचा. मग टॅक्सी आली. तिचा मालक गुळगुळीत झालेल्या टायरांवर तापवलेल्या पात्याने खाचा पाडून आणायचा. दिसायला टायर झकास, आतून तारा बाहेर यायच्या बेतात. त्यानंतरच्या डिलिव्हरी व्हॅनला चार टायर चार कंपन्यांचे. ब्रेक मारला की ती डावीकडे ओढायची, म्हणून दादा दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरायचा. घरी जेवायला बसला तरी त्याचा खांदा तसाच तिरका. "दादा, ताट सरळ आहे," मी चिडवायची, "आता तरी सोड."

"अगं, गाडी मालकाची, टायर मालकाचे," तो म्हणायचा. "आपण फक्त चालवायची."

"आणि जीव कोणाचा?"

"पाणी दे जरा," दादा म्हणायचा. झालं, विषय संपला.

शेवटची नोकरी आम्ही दोघांनी एकाच मालकाकडे केली. मीही ड्रायव्हरच, आणि माझी वर्णी तिथे दादानेच लावली होती. काम असं, की ज्यांना डायलिसिस लागतं अशा पेशंटना घरून हॉस्पिटलात न्यायचं आणि परत सोडायचं. हॉस्पिटल टेकाडावर. चढताना काही नाही, पण परतीला लांब उतार आणि खाली एकदम काटकोनात वळण, समोर दगडी भिंत. गाडीत माणसं कशी, तर सुईच्या जागी पट्टी बांधलेली, अंगात त्राण नसलेली. त्यातले एक शिंपीकाका, आणि एक निवृत्त मास्तरीणबाई. दादाच्या शेजारच्या सीटवर त्या कोणाला बसू देत नसत.

आता पासिंगचे टायर म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी आग तिथेच आहे. दरवर्षी धंद्यातली प्रत्येक गाडी तपासणीला न्यावी लागते, त्याला आम्ही पासिंग म्हणतो. मालकाकडे चांगल्या टायरांचा एकच संच होता, रिमसकट. ज्या गाडीचं पासिंग, तिला तो चढवायचा. पास झाली की आवारात यायचं, संच काढायचा, पुढच्या गाडीला लावायचा. वेळ वाचावा म्हणून पुढच्या गाडीची चाकं आधीच काढून ती विटांवर उभी करून ठेवलेली असायची. एका टायरवर निळ्या रंगाचा ओघळ होता. तपासणीचा साहेब तो ओघळ बघून म्हणायचा, "आली का पाहुणेमंडळी?" आणि शिक्का मारायचा. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि सगळे गालातल्या गालात हसत होते. मला आजही ते हसू आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या वर्षी पावसात दादाची गाडी उतारावर घसरली. त्याने ब्रेक दाबला, चाकं थांबली, गाडी मात्र थांबेना. भिंतीपासून हातभर अंतरावर ती आडवी होऊन उभी राहिली. कोणाला खरचटलंही नाही. मास्तरीणबाईंनी फक्त त्याच्या बाहीला धरलं होतं. घरी आल्यावर दादाची ती बाही चुरगळलेलीच होती, आणि तो शर्ट काही केल्या बदलेना.

दुसऱ्या दिवशी तो मालकापुढे उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही मागितलं. मालक म्हणाला, "अरे, एवढंच ना? तुझ्या गाडीचं पासिंग आलंच आहे. संच लावला की परत काढूच नकोस. राहू दे तुलाच." दादा घरी आला तो हवेत तरंगतच. मी म्हटलं, "हा तोंडाला पानं पुसतोय." दादा म्हणाला, "तुला सगळीकडे वाईटच दिसतं."

पासिंग झालं. दादा आवारात आला तेव्हा माझी गाडी विटांवर उभी होती. मालकाने माझ्याही पासिंगची त्याच दिवसाची वेळ घेतली होती. फिटरमामा जॅक घेऊन दादाच्या गाडीकडे निघाले.

"मामा, हा संच मला राहणार आहे," दादा म्हणाला.

फिटरमामांनी मान खाली घातली. "मालक म्हणाले, पुढच्या वर्षी बघू."

दादाने माझ्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि स्वतःच नट सैल करायला बसला! मी भडकले. "उठ! माझी गाडी राहू दे विटांवर जन्मभर. तो तुझ्या तोंडावर खोटं बोललाय, कळतंय का तुला?"

"तुझी नोकरी जाईल," दादा म्हणाला.

तेवढ्यात फिटरमामांचा फोन वाजला. हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्यांनी तो कोपराने स्पीकरवर टाकला. मालक बोलत होता. त्याच्या आईलाही आता डायलिसिस लागलं होतं, आज पहिली खेप, आणि घरची गाडी बाहेरगावी. "त्या दोघा बहीणभावांना पाठवा. आणि ऐका, पासिंगचे टायर काढू नका. आई परत येईपर्यंत तेच राहू देत."

दादा उठून फोनजवळ गेला. "का हो, मालक?"

"अरे, तो उतार केवढा आहे! त्या गुळगुळीत गोटा झालेल्या टायरांचा काय भरवसा?"

दादाने सैल केलेले नट पुन्हा आवळले. मग आपली जुनी चारही चाकं उचलून गाडीत मागे टाकली.

मालकाच्या दारात गाडी थांबली. दादाने मागचं दार उघडलं, एक गुळगुळीत चाक उतरवलं आणि गडगडत नेऊन पायरीला टेकवलं. मग जॅक लावून गाडी उचलायला लागला. मालक धावत बाहेर आला.

"काय चाललंय हे?"

"माझ्या गाडीला तिचे टायर लावतोय. आईंना यांच्यावरच नेणार."

"डोकं फिरलं का तुझं? माझ्या आईला मारायचंय?"

आणि मग दादा ओरडला. मी त्याचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्याचा त्यानेही ऐकला नसावा, कारण पहिला शब्द चिरकला. "आणि मास्तरीणबाईंना? त्या शिंपीकाकांना? त्यांना रोज कशावर नेतो मी? ती कोणाचीच आई नाही, बाप नाही? तुम्हाला उतार माहीत होता! आजपर्यंत मला वाटायचं, तुम्हाला माहीतच नाही!"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. मालकाची म्हातारी आई काठी टेकत दारात आली होती. तिने पायरीजवळच्या चाकावरून हात फिरवला आणि लेकाकडे पाहिलं. लेकाने तिची नजर चुकवली.

माझं चाललं असतं तर मी गाडी तिथेच सोडून आले असते. पण दादा म्हणजे दादा! त्याने जॅक काढला, म्हातारीला हात धरून बसवलं आणि त्याच चांगल्या टायरांवर नेलं, आणलं. येताना मास्तरीणबाई, शिंपीकाका, सगळ्यांना त्याच गाडीत घेतलं. उतार कधी संपला ते कळलंही नाही. मागे कोणीतरी घोरत होतं. इतकं साधं होतं ते. एवढ्यासाठी माणसं जीव मुठीत धरून बसायची.

संध्याकाळी मालकाने दादाला काढून टाकलं. माझी किल्ली मी त्याच्या टेबलावर आपटली. माझी गाडी अजून विटांवरच होती, आणि फिटरमामा दादाच्या गाडीचा संच काढत होते. पुढे कानावर आलं, मालकाने चार कोरे टायर घेतले. कोणत्या गाडीला? घरच्या.

मास्तरीणबाईंची पुढची पाळी आली, तसा सकाळीच त्यांचा दादाला फोन आला, "आज कोण येणार?" दादा चपला घालून निघाला, मीही मागोमाग गेले. त्यांच्या दारात गाडी येऊन उभी होती. ड्रायव्हर नवा होता. दादा वाकला, टायरवरून अंगठ्याचं नख ओढलं. नख कुठे अडकलंच नाही.

"बाई, बसू नका यात," तो म्हणाला. मग बाकीचं मीच सांगितलं, हातचं काही न राखता. संच, निळा ओघळ, स्पीकरवरचं बोलणं, सगळं.

"अहो, मी नवीन आहे, मला यातलं काही माहीत नाही," ड्रायव्हर काकुळतीला आला. "तुम्हाला उशीर होईल, बाई."

"होऊ दे." मास्तरीणबाई हॉस्पिटलची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. पाय सुजलेले होते, आवाज मात्र वर्गातलाच. "लाव मालकाला फोन. विचार, आईला कुठल्या टायरांवर नेलं होतंस? तेच घेऊन ये म्हणावं."

ड्रायव्हरने नंबर फिरवला.

"आणि स्पीकरवर ठेव," बाई म्हणाल्या. "गल्लीला ऐकू दे."