उशापर्यंतचा वारा

उपासनामंदिराच्या मागे एक खोली आहे. तीत माझी आत्या राहते. वेदीवरील वस्त्रे धुणे, प्रभुभोजनाचे पेले घासणे, बाके पुसणे, या सेवेच्या बदल्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीने ती तिला दिली. दिली खरी, पण खिडकीचे एक दार फुगलेले होते, ते कधी मिटतच नसे. थंडीचा वारा थेट खाटेवर येई. खोकल्याने आत्याच्या छातीत घर केले होते आणि आणखी एक हिवाळा असा काढलात तर अंथरूण धराल, अशी तंबी डॉक्टरांनी दिली होती.

घरात आत्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चाले. "सुतार मंडळीत, गवंडी मंडळीत, आणि वारा तेवढा माझ्या वाट्याला!"

"मग सभेत सांग ना."

"सभेत आधी आभार, मग मागणं. आभार मानता मानता मला भरून येतं रे. मागणं राहूनच जातं."

आमच्या प्रार्थनासभेची रीत खरोखरच अशी आहे. पोट भरलेल्यांनी ती ठरवली असावी, असे माझे जुने मत आहे. एका सभेत मात्र आत्या तणतणत उभी राहिली. "देवाचे आभार! त्यानं मला वारा दिला, तोही अगदी उशापर्यंत!"

हा टोमणा होता. पण आमच्या मंडळीला टोमणा कळला तर शपथ. सर्वांनी एकमुखाने "आमेन" म्हटले. रविवारी पाळकसाहेबांनी त्या वाऱ्यावरच प्रवचन केले. सुताराला गहिवरून आले. ज्याने रंधा हाती घ्यायचा, त्याने रुमाल घेतला.

उपासनेनंतर दारातच तो हात जोडून म्हणाला, "आत्याबाई, केवढी तुमची श्रद्धा!"

"श्रद्धा कसली, डोंबल! खिडकी मिटत नाही माझी."

"अहो, मग आधी का नाही बोललात?"

"बोलले की. तुम्ही आमेन म्हणालात."

सुतार वरमला. दुसऱ्याच दिवशी त्याने दार तासून चौकटीत नीट बसवले. पुढच्या सभेत प्रभूने आपल्याला ती खिडकी दाखवल्याची साक्षही त्याने दिली. ती आत्याने दाखवली होती. पण सांगतो कोणाला?

खोकला उतरला. शनिवारी मी गेलो, तर आत्या तोंड फुगवून बसलेली.

"आता काय झालं?"

"आज गायनमंडळाचा सराव. खाटेवर पडल्या पडल्या सगळी गीतं ऐकू यायची. आता काही म्हणजे काही येत नाही."

"धन्य आहे! देवानं आभाळातून पाठवलेला मान्ना खाऊन कांद्यासाठी रडणाऱ्या त्या बायबलातल्या लोकांची तू सख्खी बहीण."

"कांद्याशिवाय घास उतरतो का रे?"

तिने शाल छातीशी घट्ट ओढली आणि खिडकी बोटभर उघडली. पलीकडून पहिले कडवे आत आले. खालचा स्वर नेहमीप्रमाणे मागे पडत होता, हे मी बोलून दाखवले. तिने मला गप्प केले. सराव संपेपर्यंत ती डोळे मिटून, हलक्या आवाजात गात राहिली, मधे एकदाही न खोकता. मग उठली आणि खिडकी लावून घेतली.

"गार आहे बाई हवा," ती कुरकुरली.