क्रोधी नावाचं फोल्डर

निवृत्त झाल्यावर बाबांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं. इंदूरमधल्या ओळखीच्या मराठी घरांतल्या गेलेल्या माणसांच्या तिथ्या ते सांभाळतात. दोन दिवस आधी त्या घरी फोन करतात, परवा श्राद्ध आहे, गुरुजींना सांगून ठेवा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण आता पंचांग कोण बघतं? बाबांचा फोन आला की लोक वड्यांची डाळ भिजत घालतात.

सगळ्या तिथ्या एका डेटाबेसमध्ये आहेत. बाबांनी क्लास लावून तो स्वतः तयार केला आणि त्याचा त्यांना माझ्या लग्नापेक्षा जास्त अभिमान आहे. दर पाडव्याला गुढी उभारली की नव्या संवत्सराच्या नावाचं फोल्डर उघडायचं, फाइल जुन्यातून काढून त्यात ठेवायची आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहायचं. ऑफिसातही ते नवं रजिस्टर असंच सुरू करायचे. कीबोर्डमधलं कुंकू नंतर मी काढते.

त्या वर्षी कॉम्प्युटर नवा होता, दसऱ्याला घेतलेला. पाडव्याला मी राजेंद्र नगरच्या माझ्या घरून श्रीखंड घेऊन बडा गणपती भागात त्यांच्याकडे पोचले, तर बाबा सोवळ्यातच स्क्रीनसमोर बसलेले.

"बेटा, हे खुलतच नाही. सकाळपासून परेशान आहे मी."

स्क्रीनवर इंग्रजीत लिहिलं होतं की फाइल अविश्वासू ठिकाणी असल्यामुळे सुरक्षेसाठी उघडता येणार नाही. ठिकाण म्हणजे आमची बैठकीची खोली. वर गुढी होती.

"आज राहू द्या ना. जेवून घेऊ, उद्या बघते."

"उद्या नाही चालणार. परवा एकाचं श्राद्ध आहे. आमच्याच ऑफिसचा. सायकलवर यायचा, पान खायचा. वहिनी गौतमपुऱ्याला एकट्या असतात, त्यांना दिसत पण नाही बरोबर. फोन नाही गेला तर त्यांचं राहून जाईल."

"मग करा ना फोन."

बाबांनी फोन हातात घेतला, परत ठेवला. मग म्हणाले, "नाव नाही येत आहे."

ज्या माणसाबरोबर त्यांनी अख्खी नोकरी केली, त्याचं नाव. मला भीती वाटली. ती लपवायला मी कॉम्प्युटरवर चिडले.

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये अडवल्याची खूण शोधली, नव्हती. फाइलमधल्या मॅक्रोंना, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांना, सरसकट परवानगी दिली. अँटिव्हायरस बंद केला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण दुसरं काही सुचत नसलं की माणूस तेच करतो. निरोप तोच. बाबा मधूनमधून "तो... अरे, तो..." म्हणत होते आणि मी मुद्दाम जोरात टाइप करत होते.

शेवटी सेटिंगमध्ये विश्वासू ठिकाणांची यादी सापडली. दुकानदाराने दसऱ्याला त्यात एकच फोल्डर घातलं होतं, तेव्हा चालू असलेल्या संवत्सराचं. क्रोधी. फाइल आता नव्या संवत्सरात होती, विश्वावसूमध्ये. थोडक्यात, कॉम्प्युटरचा विश्वास फक्त क्रोधीवर होता.

"परत जुन्यात टाकते, लगेच उघडेल."

"पाडव्याच्या दिवशी? पागल झाली काय तू?"

नाव आठवत नव्हतं, पण हे पक्कं होतं. मला बरं वाटलं. मी विश्वावसू यादीत घातलं आणि फाइल उघडली. नाव आलं, नंबरही. बाबांनी ते मोठ्याने दोनदा वाचलं आणि गौतमपुऱ्याला फोन लावला. "वहिनी, नमस्कार. परवा आहे बरं का," अगदी दरवर्षीच्या आवाजात. वहिनी म्हणाल्या, सकाळपासून वाटच बघत होते.

जेवताना मी श्रीखंड परत वाढत होते, तेव्हा बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "ती फाइल तुझ्याकडे पण ठेव. आणि उद्यापासून सकाळी मला फोन करत जा."

"कशासाठी?"

"कोणाला फोन करायचा आहे, ते सांगायला."

आता मी रोज सकाळी फोन करते. बाबा उचलल्याउचलल्या म्हणतात, "माहीत आहे मला." मग थांबतात, मी नाव सांगावं म्हणून.