पडद्यावरची शिंपीण

मी संशयी आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. आहेच मुळी! कुठे पाणी मुरतंय ते मला लांबून कळतं.

माझी वहिनी शिंपीण. पुढच्या खोलीत तिचं मशीन, खुंटीला अर्धवट शिवलेले झगे आणि तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचंच. वरच्या खोलीत पूर्वी एक लेखक भाड्याने राहायचा. तो गेला आणि त्याची कादंबरी आली. नवऱ्याला फसवून भाडेकरूच्या मागे लागलेली शिंपीण! केवढा गहजब झाला. वाचनालयाने पुस्तक कुलपात ठेवलं, म्हणून तर अख्ख्या गल्लीने ते मिळवून वाचलं. वहिनी दिसली की लोक मुद्दाम खोकायचे. दादा तिला एक अक्षर बोलला नाही. मला मात्र हळूच म्हणाला, "तुला काय वाटतं गं?" मी म्हटलं, आगीशिवाय धूर निघतो का? त्याने अंथरूण उचलून त्या रिकाम्या खोलीत नेलं, ते नेलंच. वहिनी मूग गिळून बसली.

परवा त्या कादंबरीवरचा सिनेमा लागला. सकाळी दादा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आला आणि मोठ्याने वाचायला लागला. "'कादंबरीवर निदान वाद तरी झाला. सिनेमातली शिंपीण मात्र पटतच नाही. अशी बाई असूच शकत नाही.'" दुसऱ्या पेपरातल्या समीक्षकानेही तेच लिहिलं होतं. दादाचा चेहरा उजळला. "बघ, शिकलेली माणसं लिहितायत!"

मला हसू आलं आणि रागही आला. अरे, समीक्षकाला नटी पटली नाही म्हणून तुझी बायको सुटली होय? पण त्याला तेवढंच हवं होतं. दोन्ही कात्रणं खिशात घालून त्याने आम्हा दोघींना सिनेमाला नेलं.

पडदा कोण बघतंय! मी वहिनीकडे बघत होते. नटी जिन्यात भाडेकरूचे पाय धरून ढसाढसा रडायला लागली, तशी वहिनीने खुर्चीचा हात घट्ट धरला. सापडली, मी मनात म्हटलं.

घरी आल्यावर वहिनी मशीनवर बसली. दादा खुशीत म्हणाला, "पेपरवाल्यांचं खरंय. कुठली बाई अशी रडेल?"

वहिनीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या.

"रडला होता तो," ती म्हणाली. "आपल्याच जिन्यात, माझे पाय धरून. मी म्हटलं, सामान उचल आणि चालता हो."

दादा कसाबसा म्हणाला, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत? पेपराला विचारलंत, या वन्संना विचारलंत. मला एकदा तरी?"

मला तोंड कुठे लपवू असं झालं. दादा गुपचूप वर गेला आणि अंथरूण काखेत मारून खाली आला.

वहिनीने मान वर केली नाही. "राहू द्या ते वरच," ती म्हणाली. "मला आता एकटीलाच झोप लागते."