‘अहो’चं ‘अरे’

डार्मश्टाटच्या एका छोट्या थिएटरात रविवारी सकाळी हॉलिवूडचा जुना संगीतपट लागला होता, जर्मनमध्ये डब केलेला. शेजारच्या खुर्चीवरच्या जर्मन आजींनी मला आपला डॉक्टर समजून गुडघ्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. मी इंजिनिअर निघालो, तशा पर्स तोंडावर धरून हसल्या.

पडद्यावरची नायिकाही नायकाला भलताच कुणी समजून चिडली होती. आजी गाण्याच्या तालावर पर्सवर बोटं वाजवत होत्या. गैरसमज मिटला, तेव्हा त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

“ऐका हं, आता ‘झी’चं ‘डू’ होणार!”

म्हणजे आपल्या ‘अहो’चं ‘अरे’. आणि झालंच!

जर्मनीत आल्यापासून ऑफिसबाहेर मला सगळे ‘झी’च म्हणत. दिवे लागल्यावर मी आजींना कोट चढवायला हात दिला.

त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी येशील ना रे?”