उद्याच्या तारखेचा शिक्का

नगरपालिकेच्या आवक विभागात चोवीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलेल्या बाईंना सगळे शिक्केबाई म्हणत. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची, एवढंच काम; ते त्या डोळ्यांत तेल घालून करत. एकच खोड होती. सकाळी गर्दी उडते म्हणून त्या संध्याकाळीच शिक्क्याची तारीख फिरवून उद्याची लावून ठेवत.

जुनं नाट्यगृह पाडायला हरकती घेण्याच्या शेवटच्या दिवशी, पाचला दहा कमी असताना चित्रकलेचे निवृत्त मास्तर धापा टाकत आले. हातात चारशे सह्यांचा अर्ज. हाताच्या सवयीनं शिक्का पडला, आणि बाईंना दिसलं, तारीख उद्याची! खोडून सही करणं दोन मिनिटांचं काम. पण खाडाखोड केली की साहेबांना लेखी कारण द्यावं लागे. ‘एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय,’ असं मनाशी म्हणत त्यांनी कागद गठ्ठ्यात सरकवला.

अर्ज मुदतीनंतरचा ठरला. लाकडी सज्जे, रंगीत काचा, शंभर वर्षांचं ते नाट्यगृह आठवड्यात भुईसपाट झालं.

भाजीच्या दुकानात बायकोसोबत आलेल्या मास्तरांना कुणीतरी टोकलेलं बाईंच्या कानावर आलं, “काय मास्तर, सह्या घेता घेता डोळा लागला होता का?”

मास्तर मान खाली घालून म्हणाले, “कागदावर तारीख आहे ना. माझ्याच डोक्यात दिवसांचा घोळ झाला.”

त्या दिवसापासून देवापुढे बाईंचे हात जुळत, पण तोंडातून शब्द फुटेना. माफी मागायची ती देवाकडे नव्हतीच.

शेवटी एका रविवारी त्या मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. “मास्तर, तुम्ही वेळेत आला होतात. शिक्का मी चुकीचा मारला. कळूनही तसाच ठेवला.”

मास्तर आत वळून ओरडले, “अगं, ऐकलंस का? माझं डोकं ठिकाणावर आहे!”

बायको हात पुसत आली. “महिनाभर यांना एकटं घराबाहेर सोडलं नाही हो मी,” ती बाईंना म्हणाली. बाईंना वर बघवेना.

मास्तर चपला घालत होते. “चला, बाजारात जाऊ. तिथं सगळ्यांसमोर सांगा.”

“नोकरी जाईल माझी, मास्तर.”

“जाईल कदाचित,” मास्तर म्हणाले आणि थांबून राहिले.

बाई त्यांच्यामागून पायऱ्या उतरू लागल्या.