शिडावरचा ओरखडा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली काटेभाऊ म्हणायची. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते घड्याळाच्या काट्यांनी कधीच गिळून टाकलं होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. पुढे टेबल, त्यावर चिमटे, पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, आणि मागे भिंतीला लागून घड्याळाचे बारीक भाग कातायचं एक लहानसं लेथ यंत्र. त्या यंत्रापायीच त्यांची थोरली बहीण, ताई, तीस वर्षांत दुकानाच्या आत आली नव्हती. यायची, दारात उभी राहायची, हातातला डबा द्यायची, "बरा आहेस ना रे?" म्हणायची आणि निघायची.

भांडण असं झालंच नव्हतं. झालं असतं तर निदान मिटलं तरी असतं. वडील गेल्यावर काटेभाऊंनी घरातलं चांदीचं जुनं नाणं ताईला न विचारता विकलं आणि त्यातून ते लेथ आणलं, एवढीच गोष्ट. नाण्यावर एक जहाज होतं. लहानपणी ताईने ते मुठीत धरून किती ताप काढले होते, ते देवालाच माहीत.

त्या जहाजाच्या शिडावर एक ओरखडा होता, आणि तो काटेभाऊंचाच पराक्रम. नवीन काम शिकत होते तेव्हा नाणं चकचकीत करायला गेले आणि पेचकस सटकला. शिडापासून थेट लाटेपर्यंत रेघ. पोरगा रडवेला होऊन समोर उभा राहिला, तर वडिलांनी रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. ते हसून म्हणाले, "चला, आता आपलं नाणं हजारांत ओळखू येईल."

हे बोलणं काटेभाऊंनी जन्मभर उराशी धरलं, आणि म्हातारपणी त्यांना गोत्यात आणलं तेही याच बोलण्याने.

सुनेने त्यांना फोनवरचे लिलाव बघायला शिकवले होते. दुर्मीळ नाणी तिथे अशीतशी येत नाहीत. एखादी कंपनी नाणं तपासते, त्याला दर्जा देते, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते आणि वर नंबराची पट्टी लावते. दोन वर्षं रोज सकाळी काटेभाऊ जहाज शोधत होते. एके दिवशी ते सापडलं. फोटो मोठा करून पाहिला, तर शिडापासून लाटेपर्यंत रेघ! त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. सुनेने नाणं तपासणाऱ्या कंपनीच्या साइटवर पट्टीवरचा नंबर टाकला. तिथल्या फोटोतही हेच जहाज, हाच ओरखडा. मग कसली शंका? आठ दिवसांत डबी घरात आली, आणि काटेभाऊंनी ताईला फोन लावला. "ताई, बाबांचं नाणं मिळालं. रविवारी आणून देतो."

ताई फक्त "बरं" म्हणाली. पण ते नेहमीचं "बरं" नव्हतं.

शनिवारी सून फोन घेऊन पुढ्यात उभी.

"बाबा, तुमचं नाणं कपाटातच आहे ना?"

"मग काय फिरायला जाईल?"

"मग हे कोणाचं?"

तेच जहाज. तोच नंबर. तोच ओरखडा. विकणारा मात्र दुसरा, आणि लिलाव संपायला तीन दिवस.

काटेभाऊंनी डबी भिंगाखाली धरली, फोन भिंगाखाली धरला, परत डबी धरली. "अगं, माझा हात एकदाच सटकला होता!"

"म्हणजे कोणीतरी खऱ्या नाण्यावरून साचा काढलाय. डबीही नकली, नंबर तेवढा खरा. दोन्हीतलं एक खोटं, नाहीतर दोन्ही खोटी. सरळ परत पाठवा."

परत पाठवायला मुदत सोमवारपर्यंत होती. पण हेच खरं असलं तर? बाबांचं नाणं दुसऱ्यांदा आपल्याच हाताने जाणार. कंपनीकडे विचारलं तर उत्तर आलं, डबी पाठवा, तपासायला तीन महिने लागतील. डबी फोडावी, तर सील तुटलेला माल विकणारा परत घेत नव्हता. आयुष्यभर बंद पडलेल्या वस्तू उघडून बघणारा माणूस, त्याच्या हाती अशी वस्तू आली होती जी उघडायचीच नाही. रविवार उलटला तरी ते ताईकडे गेले नाहीत.

सोमवारी दुपारी ताईच दुकानाच्या दारात उभी राहिली. "काय रे, रविवार गेला ना?"

काटेभाऊंनी अडखळत सगळं सांगितलं. तिने डबी हातात घेऊन वरून नख घासलं. "हे तर प्लास्टिक. मला काय कळणार? फोड."

"फोडलं तर परत घेत नाहीत गं."

"आणि नाही फोडलं तर?"

"तर खरं की खोटं ते कळत नाही."

"मग काय करणार आहेस?"

"तेच तर कळत नाहीये!"

ताईने चपला काढल्या, आत आली आणि लेथच्या शेजारच्या स्टुलावर बसली. काटेभाऊ बघतच राहिले. "माझ्या तोंडाकडे काय बघतोस? देवाचं नाव घे आणि उघड."

त्यांनी पातळ पातं डबीच्या कडेत घातलं. कट्कन आवाज झाला. नाणं तळहातावर आलं. त्यांनी नख फिरवलं. नख शिडावरून लाटेपर्यंत घसरत गेलं, कुठे अडकलंच नाही. ताईने फिरवलं. तिचंही घसरलं.

"म्हणजे खोटं."

"खोटं. साच्यात रेघ उतरते, तिची धार उतरत नाही. पण रेघ आपलीच आहे, ताई. साचा आपल्या नाण्यावरूनच काढलाय."

"मग आपलं आहे कुठे?"

"कोणाच्या तरी तिजोरीत. नाहीतर ते फोनवरचं दुसरं... तेही असेल. नसेलही."

"ते घेशील आणि तेही फोडशील. काही नको."

काटेभाऊंनी फोनवर लिलावाच्या साइटचा तक्रारीचा अर्ज उघडला; तिथली तक्रार सगळ्यांना वाचता यायची. पहिलाच प्रश्न: डबी सीलबंद आहे का? त्यांचं बोट हवेतच थांबलं. खोटेपणा कळला तो डबी फोडल्यामुळे, आणि फोडलेल्या डबीवर विश्वास कोण ठेवणार?

"'नाही' लिही," ताई म्हणाली. "आणि का फोडली तेही लिही. ते दुसरं घ्यायला जे टपून बसलेत त्यांच्यापैकी एकाने जरी वाचलं तरी पुष्कळ."

त्यांनी लिहायला घेतलं. मान वर करून पाहिलं, तर ताईची मूठ मिटलेली होती. लहानपणासारखीच.

"अगं, खोटं आहे ते."

"माहीत आहे," ती म्हणाली, पण मूठ उघडली नाही. थोड्या वेळाने तिने कोपराने लेथकडे खूण केली. "हे अजून चालतं का रे?"

"चालतं की."

"चालू कर बघू."